त्यांचं अर्धं

कोर्लईत आमच्या घरासमोर क्रूस आहे. शेजारची म्हातारी रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडून तिथे येते आणि हातात माळ घेऊन प्रार्थना म्हणते. माझ्या लहानपणी अख्खी आळी जमायची. अर्धी प्रार्थना ती म्हणायची, उरलेली अर्धी बाकीचे. आता पोरं मुंबईला गेली, राहिलेले टीव्हीसमोर बसतात. ती मात्र अजूनही आपलं अर्धं म्हणून थांबते आणि तेवढा वेळ गेल्यावरच पुढची प्रार्थना सुरू करते.

"मावशी, उरलेलं पण तुम्हीच म्हणून टाका की," मी एकदा वैतागून म्हणालो.

ती माझ्यावरच डाफरली. "ते त्यांचं हाय. मी म्हटलं तर ती आल्यावर काय म्हणतील?"

परवा अंगात ताप असूनही ती आली. आपलं अर्धं कसंबसं म्हणून, क्रूसाला धरून थांबली. आमच्या घरात गणपती. पण लहानपणी ऐकलेलं ते बाकीच्यांचं अर्धं मला अजून पाठ आहे. ओट्यावरूनच मी पुटपुटलो, "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"जरा मोठ्यानं म्हण," ती म्हणाली. "इथवर येत न्हाय."