भांड्यांचा फोटो

केशवरावांच्या घरातला पितळी गडू एका जागी थांबत नसे. सकाळी तो तुळशीपाशी असायचा, दुपारी दुकानातून आलेल्या माणसाला पाणी द्यायला ओसरीवर, आणि संध्याकाळी पोरं तो कुठं नेऊन ठेवत ते कुणालाच सांगता येत नसे. संत्र्यांचं तर विचारायलाच नको. टोपलीत ठेवली की कुणीतरी सोललीच. भरल्या घरात वस्तू वापरण्यासाठी असतात. घरची सून नलिनी हिची अडचण एवढीच होती की तिला त्या वस्तू बसून पाहायच्या होत्या.

नलिनी माहेरची रामाकोन्याची. पांढुर्ण्यात लग्न होऊन आली तेव्हा ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा तिची झालेली होती. गावातल्या मुलींच्या एका खाजगी शाळेत चित्रकलेचा तास खेळाच्या बाई घेत. म्हणजे मुलींना वह्या काढायला सांगून स्वतः स्वेटर विणत. संचालकांनी नलिनीच्या नवऱ्याला, हेमंतला, सांगून ठेवलं होतं की वहिनींनी त्यापुढची इंटरमिजिएट पास करावी, जागा त्यांचीच. परीक्षेचं केंद्र राज्याच्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात काटोलला, पॅसेंजरनं जाण्यासारखं. चौऱ्याऐंशी साली ती बसली. बाकी सगळे पेपर सुटले, स्थिरचित्रात ती नापास झाली. संचालक म्हणाले, अजून एक वर्ष जागा धरून ठेवतो, त्यापुढे नाही.

दिवाळीला माहेरी गेली तेव्हा ती सौंसरला यशवंतरावांकडे गेली. शाळेत त्यांनीच तिला चित्रकला शिकवली होती, आता ते निवृत्त होते. तिची सरावाची चित्रं त्यांनी खाटेवर पसरली आणि एकावर बोट ठेवलं.

"नलू, हा गडू सकाळी काढला तू."

"हो सर."

"हे संत्रं दुपारचं. अन् ही वाटी दिव्यापाशी बसून काढली. बरोबर?"

"बरोबर."

"हात चांगला आहे तुझा. पण एका चित्रात तीन सूर्य उगवले तर तपासणारा काय करंल बापडा?"

"काय करू सर, घरात काही जागेवर राहतच नाही. उठून चहा टाकून येईपर्यंत संत्र्याची सालं राहतात."

यशवंतराव हसले. "मग फोटो काढून घे. फोटोतलं संत्रं कोणी खात नाही. वस्तू नीट मांड, एकाच बाजूनं उजेड घे, अन् तो फोटो समोर ठेवून काढत राहा. सावली कळेपर्यंत काढ."

पांढुर्ण्याला परतल्यावर नलिनीनं एका दुपारी पिशवीत गडू, गंज, परात आणि वाट्या भरल्या आणि भर बाजारातून मुकुंदच्या फोटो स्टुडिओत गेली. पितळ पिशवीत वाजत होतं. त्याचा तेव्हा तिनं काही विचार केला नाही.

मुकुंदनं पिशवीत वाकून पाहिलं. "अन् माणूस कुठं आहे वहिनी?"

"माणूस नाही. यांचाच फोटो."

"भांड्यांचा?"

त्यानं आजवर भांड्यांचा फोटो एकदाच काढला होता, पोलीस ठाण्यात, चोरीचा माल सापडला तेव्हा. तेवढ्या अनुभवावर त्यानं सगळी भांडी उंचीप्रमाणे ओळीत लावली, दोन भांड्यांमध्ये सारखं अंतर ठेवलं आणि दोन्हीकडचे दिवे पेटवले.

"एक दिवा बंद करा ना भाऊ. एका बाजूनं अंधार पाहिजे."

"अंधार?" मुकुंदला ते लागलं. "वहिनी, लोक माह्याकडे अंधार घालवायले येतात. नवरीच्या नाकाची सावली गालावर आली तं सासरचे फोटो वापस करतात. माह्या हातून असं काम होणार नाही."

फोटो हाती आला तो अगदी स्वच्छ होता. प्रत्येक भांडं ओळखू येत होतं आणि सावली कुठंच नव्हती. नलिनीच्या तो काही कामाचा नव्हता.

गावाच्या मात्र तो कामाला आला. समोरच्या प्रमिलाबाईंनी पिशवी जाताना पाहिली होती. मुकुंदकडून फोटोची बातमी पसरली. नळावर दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या आणि त्याचं असं झालं की केशवरावची सून वेगळी निघून राहिली, भांडे निवडून ठेवले, फोटोही काढला, उद्या वाटणीत दाखवायले.

दुसऱ्या घरात हे हसण्यावारी गेलं असतं. पण या घरानं एक वाटणी पाहिली होती. केशवराव आणि त्यांचे धाकटे भाऊ भैय्याजी वेगळे झाले तेव्हा दुकानात मधोमध भिंत उभी राहिली, आणि घरातली भांडी अंगणात मांडून एकेक इकडे, एकेक तिकडे झालं. पाणी भरायची उंच पितळी गुंडी भैय्याजींच्या बायकोच्या, जयवंताबाईंच्या, वाट्याला गेली. ती केशवरावांच्या बायकोच्या, देवकाबाईंच्या, माहेराहून आलेली होती. देवकाबाईंनी त्यानंतर धाकट्या जावेचं दार सोडलं. भैय्याजी वारले तेव्हा तेरावा दिवस होईपर्यंत त्या तिथं बसल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. घर मात्र तीनच दारं पलीकडे.

त्या संध्याकाळी देवकाबाईंनी सगळं पितळ कपाटात कोंडलं आणि किल्ली कमरेला खोचली. रात्री पानं वाढली ती स्टीलची. केशवराव पानावर म्हणाले, "गडू कुठं आहे?" देवकाबाईंनी स्टीलचा पेला पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी माणसं कामाला गेल्यावर देवकाबाई नलिनीसमोर येऊन बसल्या.

"सरळ सांग. वेगळं निघायचं हाय का तुले?"

"नाही आई. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"साऱ्या गावानं सांगतलं. तूच तेवढं नाही सांगतलं."

नलिनीनं फोटो आणून हातात दिला. परीक्षा, जागा, तीन सूर्य, यशवंतराव सर, सगळं सांगितलं. देवकाबाईंनी फोटो लांब धरून पाहिला.

"चोराकडून सोडवून आणल्यावानी दिसून राहिले भांडे."

"म्हणूनच पुन्हा काढायचा आहे."

"नोकरी लागली तं सैपाक?"

"सकाळीच करून जाईन."

"अन् मले शब्दानं विचारलं नाही."

"चित्र नीट आल्यावर सांगणार होते. मागच्या वेळी आधी सांगितलं अन् नापास झाले."

देवकाबाईंनी कमरेची किल्ली काढली. "फोटो घरातच काढायचा. पुढचं दार सताड उघडं ठेवून. त्या प्रमिलेले दिसलं पाहिजे का भांडे घरातच हायत."

मुकुंद कुरकुरत आला. स्टुडिओबाहेर तो फक्त लग्नाला जात असे. माजघरात पश्चिमेला एक खिडकी होती आणि दुपार कलली की तिच्यातून तिरपा उजेड यायचा. नलिनीनं खिडकीजवळ पेटी सरकवली, तिच्यावर करड्या चादरीच्या दोन-तीन चुण्या पाडल्या, गडू ठेवला, गडूला लागून एक संत्रं आणि पुढे एक अर्धवट सोललेलं. मागं जाऊन पाहिलं. गडू डावीकडे घेतला, पुन्हा मागं गेली. सगळं बुटकं होतं. नजर संत्र्यावरून निघायची ती चादरीवरच घसरून जायची. मागं काहीतरी उंच हवं होतं. स्टीलची टाकी ठेवून पाहिली, तर तिच्यात मुकुंद आणि कॅमेराच दिसू लागले.

"उंच म्हणजे केवढं?" देवकाबाईंनी विचारलं.

नलिनीनं हातानं दाखवलं. तेवढी उंची या घरात एकेकाळी कशाची होती ते दोघींनाही ठाऊक होतं.

"मी मागून आणते काकूंकडून," नलिनी म्हणाली.

"तुले नाही देणार थे. अन् दिली तरी म्हणंल, सुनेले पाठवलं, स्वतः नाही आली." देवकाबाई उठल्या. मग त्यांनी चप्पल घातली आणि गेल्या.

मुकुंदनं खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. "आता तुमच्या सासूबाई दोन घंटे येत नाहीत, अन् ऊन काही थांबत नाही."

त्या आल्या, पण एकट्या आल्या नाहीत. मागं जयवंताबाई होत्या आणि गुंडी त्यांच्याच कमरेवर होती. चिंच लावून नुकतीच घासलेली दिसत होती.

"संध्याकाळी वापस नेईन," उंबऱ्यातच त्यांनी सांगितलं.

"ठेवून कोण घेऊन राहिलं?" देवकाबाई म्हणाल्या.

नलिनीनं गुंडी मागं उभी केली आणि गडू तिच्या अर्धा पुढे घेतला. चित्र एकदम उभं राहिलं.

"अवं, गडू बाजूले घे," जयवंताबाई म्हणाल्या. "माह्यी गुंडी झाकून राहिली."

"गडू पुढंच राहू दे," देवकाबाई. "आल्यासरशी पुढं बसायचं नसते."

"काकू, गुंडी मागं आहे पण उंच आहे," नलिनी म्हणाली. "आई, गडू बुटका आहे पण पुढं आहे. आता दोघी बसा."

दोघी बसल्या, आपापल्या भांड्यावर नजर ठेवून.

मुकुंदनं कॅमेऱ्यात डोळा घातला आणि काढला. दोन्ही भांडी इतकी घासली होती की उजेड जिथं पडे तिथं नुसता पांढरा डाग दिसत होता. त्यानं खिशातून पावडरची डबी काढली. घाम आलेल्या गिऱ्हाइकांच्या कपाळाला लावायची ती. तीच त्यानं रुमालानं गडूच्या आणि गुंडीच्या पोटावर हलकी फिरवली.

"नवरी सजवून राहिला का रे?" जयवंताबाईंनी विचारलं.

"नवरी इतकी चमकत नाही काकू."

आता उजेड ठीक बसला. पण सावलीकडची बाजू फारच काळी होती. गुंडीची कड मागच्या अंधारात मिसळून गेली होती आणि ती कुठं संपते ते समजत नव्हतं. नलिनीला ते कळत होतं, उपाय कळत नव्हता. इतक्यात जयवंताबाई गुडघा दुखतो म्हणून उठल्या आणि सरकून पेटीच्या पलीकडच्या बाजूला भिंतीला टेकल्या. खिडकीतलं ऊन त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर पडलं.

गुंडीच्या काळ्या कडेवर एक बारीक फिकट रेघ उमटली. कड अंधारातून सुटी झाली, आणि गुंडी गोल दिसू लागली.

ते नलिनीनं पाहिलं आणि त्याच वेळी मुकुंदनंही.

"काकू, हलू नका!"

"काय झालं? पाल हाय का?"

"पाल नाही. तुमचं लुगडं पाहिजे."

"अन् माहा फोटो येईन का त्याच्यात?"

"तुम्ही नाही येणार. उजेड येईन तुमचा."

जयवंताबाईंनी देवकाबाईंकडे पाहिलं. "पाहा बाई, मले बोलावलं अन् फोटोत घेत नाहीत."

"मी तरी कुठं हाय?" देवकाबाई म्हणाल्या. "बस चूप. पदर सोड जरा, अजून उजेड पडंल."

आजवर सावल्या पुसण्यात आयुष्य घालवलेल्या मुकुंदनं त्या दिवशी दिवा न लावता, कॅमेरा तिपाईवर ठेवून, श्वास रोखून फोटो काढला. एक काढला, मग स्वतःहून दुसरा काढला. दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या आणि त्यांना काय विचारावं ते सुचत नव्हतं. सोललेलं संत्रं दोघी जावांनी वाटून खाल्लं. संध्याकाळी गुंडी परत गेली.

नलिनीनं तो फोटो स्वयंपाकघरातल्या फळीवर टेकवला. कुकरच्या शिट्ट्या मोजत ती चित्र काढायची. पहिल्या चित्रांत ती फिकट रेघ फार ठळक आली, खडूनं ओढल्यासारखी. पुढं तिला समजलं की ती रेघ काढायची नसते, तिच्या दोन्हीकडचा अंधार काढायचा असतो. उन्हाळ्यात यशवंतरावांना चित्र दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "सूर्य एकच आहे. आता जा."

काटोलला परीक्षेत समोर मातीचं मडकं, बादली आणि दोन वांगी होती. यातलं काहीच तिनं फोटोवरून काढलेलं नव्हतं. तिनं पेन्सिल उचलण्याआधी मडक्याची काळोखी बाजू पाहिली. पलीकडे चुन्याची भिंत होती, आणि कडेला ती बारीक रेघ होतीच.

निकाल लागला तेव्हा संचालकांनी शब्द पाळला. पहिल्या आठवड्यात मुलींना स्थिरचित्र शिकवायचं म्हणून नलिनीनं पिशवीत गडू आणि वाट्या भरल्या आणि पुन्हा भर बाजारातून निघाली. पितळ वाजत होतंच. सावलीच्या बाजूला कुणाला बसवायचं हा प्रश्न शाळेत नव्हता, सगळ्याच मुलींच्या अंगात पांढरे सदरे होते.

उंच भांडं तेवढं कमी होतं. त्या संध्याकाळी तिनं घरी म्हटलं, "उद्यासाठी काकूंची गुंडी मागून आणते."

"बस तू," देवकाबाई म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या. "मी जाते."

केशवरावांनी जेवायचं ताट पुढे ओढलं आणि सुनेला वाढायला सांगितलं. त्या तिकडे गेल्या की लवकर येत नाहीत, हे आता घरात सगळ्यांना माहीत होतं.