डॉक्टरांचा कान

डॉक्टर म्हणजे औषधं देणारे नव्हेत हो, फ्रिज दुरुस्त करणारे. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर आणि मूठ स्वतःच्या कानाला, असा त्यांचा रोग ओळखायचा प्रकार. म्हणून सगळ्या वस्तीनं त्यांना बिनपरीक्षेचे डॉक्टर करून टाकलेलं. तेहेतीस वर्षं हाच रुबाब. गिऱ्हाईक आवाजाचं वर्णन करू लागलं की हे हात वर करायचे. "तुम्ही नका सांगू. मी ऐकतो."

आणि आता ऐकूच येईना! समोरच्याचं बोलणं कळायचं, पण बारीकसारीक आवाज कधी नाहीसे झाले ते त्यांनाही उमगलं नाही. उमगल्यावर त्यांनी ते कोणापाशी बोलूनही दाखवलं नाही, अगदी बायकोपाशीसुद्धा. कान गेला तर आपल्यात उरलं काय, ही भीती माणसाला आतून पोखरत होती.

त्या दुपारी शिवणकाम करणाऱ्या मावशींकडून बोलावणं आलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. डॉक्टर दारात दिसताच मावशींनी शिलाई मशीन थांबवलं, पंखा बंद केला. त्यांची रीत मावशींना पाठ होती. "आवाज असा येतो बघा..." म्हणेस्तोवर डॉक्टरांचा हात वर गेला. मूठ कानाला लावून ते कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. काही नाही. मग त्यांनी फ्रिजचे पाय खालीवर करून नीट टेकवले, मागचा एक पत्रा आवळला आणि उठत म्हणाले, "झालं. थांबला ना?"

मावशींनी एकदा फ्रिजकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "थांबला हो. तुमच्या हाताला गुणच आहे."

वळणावर पोचल्यावर लक्षात आलं, स्क्रूड्रायव्हर तिथंच राहिला. असं आजवर कधी झालं नव्हतं. परत आले तर दार उघडंच, आणि मावशी जमिनीवर बसून जुनं पांघरूण फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये कोंबतायत.

डॉक्टर उंबऱ्यातच थांबले.

"थांबला नाही ना?"

मावशी दचकल्या. खोटं बोलणं त्यांना आता जमेना. "नाही. पण तुम्हाला कसं सांगायचं?"

गिऱ्हाइकाच्या घरी कधीही न टेकणारा हा माणूस, त्यानं खुर्ची ओढली आणि मटकन बसला. "मावशी, मला ऐकू येत नाही हो." एवढं तोंडातून निघालं आणि डोळे भरून आले.

मावशींनी पाणी दिलं. समजूत वगैरे काही घातली नाही. स्क्रूड्रायव्हर उचलला, आधी फ्रिजच्या खालच्या भागावर टेकवला, मग वरच्या, आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. "खाली नुसती घरघर आहे. वर मात्र टकटक टकटक. आणि दार उघडलं की बंद."

"दार उघडलं की बंद?" डॉक्टर ताडकन उठले. "मग आतला पंखा! बर्फ साचलाय, त्यावर पातं आपटतंय."

"मघाशी मी तेच सांगत होते. पण तुमचा हात वर!"

डॉक्टर ओशाळले. फ्रीझरच्या आतलं मागचं झाकण काढून त्यांनी बर्फ वितळवला, पाणी जायची तुंबलेली नळी मोकळी केली. "आता?"

मावशींनी पुन्हा कान लावला. "आता खरंच नाही. शपथेवर सांगते."

घरी पोचले तेव्हा बायको भाजी निवडत बसली होती. डॉक्टर आपल्या फ्रिजपाशी जाऊन उभे राहिले, त्याच्या दारावर तळहात ठेवला.

"आपल्या फ्रिजचा आवाज येतो का गं?"

तिचे हात थांबले. मान वर न करता ती म्हणाली, "येतो. दोन वर्षं झाली."

डॉक्टरांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मूठ तिच्यापुढे धरली.

"सांग, कसा येतो?"