हिंमतकाकांच्या तारेतली पावले

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. पुण्याच्या वसतिगृहात फोन घेतला तेव्हा मी वेळ टिपून ठेवली. त्या क्षणी तेवढेच जमण्यासारखे होते. "हिंमतकाका गेले गं," बाबा म्हणाले. सिल्वासाच्या जुन्या बाजारगल्लीत ज्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही पंधरा वर्षे भाड्याने राहिलो, ते चपला शिवणारे हिंमतकाका. नात्याने ते आमचे कुणी नव्हेत. पण आज पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मला मोजमापाचा पहिला नियम त्यांनीच शिकवला. "पेन्सिल उभी धर, पोरी. तिरपी झाली की पाय खोटा निघतो."

ते नंदुरबारकडचे. गिऱ्हाइकाला वर्तमानपत्रावर उभे करायचे, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवायची, कडेला गाव आणि साल लिहायचे, हा त्यांचा शिरस्ता. शिवून झाले तरी कागद फेकायचे नाहीत. ते आढ्याला टांगलेल्या तारेत ओवले जात. बारावीच्या सुट्टीत मी ती सगळी चळत उतरवून सालवार लावली आणि आमच्या गल्लीचा इतिहासच जमिनीवर पसरला. तळाशी खानवेल, रांधा या आसपासच्या आदिवासी गावांतली पावले होती, पुढे रुंद आणि बोटे फाकलेली. जन्मभर अनवाणी चाललेली ही माणसे लग्नासाठी पहिली वहाण घ्यायला आलेली. तेव्हा शेजारी दोरखंड आणि विळे विकले जात. मग कारखाने आले, तसे कारखान्यांलगतच्या आमलीत खोल्या घेतलेल्या धुळे-जळगावच्या कामगारांचे पाय आले. बुटांनी बोटे आवळलेली, कुरुपाच्या जागी काकांनी फुली मारलेली. दोरखंडवाल्याने कामगारांसाठी जेवणाचे डबे विकायला ठेवले, समोर कॅसेटचे दुकान निघाले. नव्वदनंतर मात्र कागद विरळ होत गेले, कारण आमलीतल्या दुकानांतून तयार चपला जुडीने लटकू लागल्या होत्या. मी निष्कर्ष जाहीर केला, "काका, या गतीने तुमची तार लवकरच रिकामी होईल." ते खो खो हसले. "मंग तुझी काकी तिच्यावर माझे लेंगे वाळत घालील. तार काय वाया जाते का, बेन?"

यंदा दिवाळीला घरी गेले तेव्हा त्यांचे पाय सुजले होते. हृदय थकले आहे, पाय खाली सोडून बसू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि पाय खाली सोडल्याशिवाय चप्पल शिवता येत नाही. काकींनी तोडगा काढला: रोज सकाळी मी घोटा मोजायचा. "अठ्ठावीसच्या वर गेला की दुकानाला कुलूप. मंग देव आला तरी उघडायचं नाही." काकांकडे एकच काम उरले होते. खानवेलच्या सोनीबाईचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. तयार चप्पल त्या पायात टिकतच नसे. दिवाळीनंतरच्या बाजाराला ती येणार होती आणि जोड अर्धाच झाला होता.

चौथ्या सकाळी फीत अठ्ठावीस पूर्णांक सहावर थांबली. काकी चुलीपाशी होत्या. काका हळूच म्हणाले, "साडेसत्तावीस म्हण ना."

"काका, आकडा असेल तोच सांगायचा."

"मंग लिही ना तू खरा. बोलायला काय जातं?"

मी वहीत खरा आकडा लिहिला आणि मोठ्याने खोटा सांगितला. असे पाच दिवस. सोनीबाई आली, जोड घालून बस स्टँडपर्यंत जाऊन परत आली. "नाय दुखत," एवढेच बोलली. काका म्हणाले, "दुखलं तर ये परत. मी काय पळून जातो?"... दुसऱ्या दिवशी दुकान उघडले नाही. मी पुण्याला निघाले.

त्यांच्या माघारी सिल्वासाला गेले तेव्हा वही काकींपुढे ठेवली आणि सगळे सांगून टाकले. त्या पाच दिवसांनी काकांचे आयुष्य कमी झाले का? एकाच माणसाच्या नोंदीवरून, तुलनेला काहीही नसताना, याचे उत्तर काढता येत नाही, हे मला कळते. कळून उपयोग होत नाही.

काकींनी वही जवळ ओढली. मग म्हणाल्या, "माले ठाऊक होतं, पोरी. त्यांच्या वहाणेचा पट्टा रोज एकेक भोक मीच सैल करत होती."

"मग अडवलं का नाहीत?"

"त्या बाईचा पाय मी पण पाह्यला होता ना." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "आता शेवटचा आकडा वाच. खरा."

मी वाचला. उजवा घोटा, २९.४ सेंटिमीटर.