दहावा सूचक

खळं सारवून झालं होतं. दुपारी आम्ही दोघं बुढाबुढी अंगणात बसून शिंदीच्या पानांचा झाडू बांधत होतो. तिनं मूठ धरली, मी सुतळी आवळली. सुतळी सटकली की ती म्हणे, "जेवले नाई का तुमी? जरा जोर लावा." मी म्हटलं, "हात काढ, नाई तं तुझंच बोट बांधतो." हसली. झाडू झाला, मंग ती बैलांले धानाचं तणस घालाले उठली. तणसीच्या ढिगात हात घातला आन् नाग डसला.

दवाखाना चार कोसांवर. शेजाऱ्यानं फोन लावला. तिथली नर्सबाई बोलली, "दवाखान्याची गाडी नाई. साहेबांच्या सभेत उभी आहे. कोणाले चक्कर आली तं लागते म्हणून नेली." साहेब म्हणजे आमचा वकील. आम्ही तिले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून नेलं. पूल लागायच्या आधी तिची मान माझ्या मांडीवर पडली. मान मांडीवरच होती, पण पडली ते मले समजलं.

हा वकील वीस वर्षांमागं एसटीनं यायचा, काळ्या कोटाची घडी पिशवीत घालून. आमच्या गावच्या जंगलजमिनीचा दावा त्यानं लढला. खोटं काऊन बोलू, चांगला लढला. कोर्टातून परतताना आमच्याच घरी जेवे. "बाई, अंबाडीची भाजी वाढा अजून," म्हणे. जिल्हा परिषदेले उभा राह्यला तवा माझी बुढी त्याच्यासाठी उन्हातान्हात दारोदार हिंडली. निवडून आला, अध्यक्ष झाला, मंग गाडीची काच खाली करणं बंद झालं. आता त्याले आमदार व्हायचं होतं.

बुढी गेली त्याच्या पाचव्या दिवशी तो आला. बाजेवर नाई बसला, खाली माझ्याजवळ बसला. डोळे पुसले. म्हणाला, "भाऊ, गाडी तिथं कोणी उभी केली मले माहीत नव्हतं. आपण चौकशी लावू. किती मोठा साहेब असो, सोडत नाई. अर्जावर तुमची सही तेवढी लागते."

त्याच्या माणसानं कागद पुढं केला, वरचा भाग दुमडलेला. मी चौथी शिकलो, वाचता येते. पण त्या दिवशी अक्षरं दिसत नव्हती. आन् सुतकाच्या घरी भेटाले आलेल्या माणसाचा कागद उलटून पाहाची आमच्याकडं रीत नाई. मी सही केली.

चौकशीची वाट पाहून राह्यलो. तेरवी झाली. एक दिवस सांजेले शेजारी तालुक्याच्या गावाहून, सावलीहून आला, तो फटफटी बंद न करताच ओरडला, "काऊन गा बुढ्या, लाज नाई वाटत तुले? वकिलाचा सूचक झाला?"

"कायचा सूचक?"

"तहसीलच्या फळ्यावर नाव लागलं तुझं. पक्षानं त्याले तिकीट नाई देलं, अपक्ष उभा राह्यला. अपक्षाले अर्जावर सही करणारे दहा सूचक लागतात. दहावा तू. सभेत सांगून राह्यला का, ज्या घरची बाई गेली त्याच घरानं मले उभं केलं."

मी विचारलं, "नऊ चालत नाई का त्याले?"

"दहा म्हणजे दहा. चार अर्ज भरता येतात, त्यानं एकच भरला. उद्या छाननी आहे, एक सही खोटी निघाली का बाद."

वकील असून एकच अर्ज भरला. इतका त्याले माझ्या सहीचा भरवसा. मले वाटलं रडू येईल. नाई आलं. बुढी गेल्यापासून त्या सांजेले मी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला.

सकाळच्या एसटीनं तहसीलले गेलो. दारात पोलिसानं अडवलं, "कुठी चालला बाबा?" मी म्हटलं, "सूचक आहो मी." यादीत नाव पाहून त्यानं सोडलं. वकिलानं मले पाहिलं आन् त्याचं तोंड खुललं. "या भाऊ, या!" बाजूच्याले म्हणाला, "पाहा, माणूस आपल्या पायानं आला." खुर्ची सरकवली. मी बसलो नाई.

त्याचा अर्ज टेबलावर आला तवा मी निवडणुकीच्या साहेबांले बोललो, "साहेब, दहावी सही माझी नोहे."

खोटं होतं. सही माझीच होती, वाकडीतिकडी, पण माझी. मी जन्मात पंचायतीत नाई, कोर्टात नाई, कुठीच खोटं बोललो नाई. त्या दिवशी बोललो आन् जीभ अडखळली नाई. आजही पस्तावा नाई.

वकील उठून उभा झाला. "भाऊ, काय बोलता? माझ्यासमोर केली ना तुमी!"

"कवा?"

"तुमच्या घरी."

"कायचा कागद म्हणून केली? सांगा साहेबांले. मोठ्यानं सांगा."

तो टेबलावरचे कागद उगाच चाळू लागला. कोर्टात तासतासभर बोलणारा माणूस! दुसऱ्या उमेदवारांची माणसं कान देऊन बसली होती. मी नजर हलवली नाई. सांग, म्हटलं मनात. सुतकातल्या बुढ्याले चौकशीचा अर्ज सांगून फसवलं, ते सांग. चौकशी कायची होती, ते सांग. गाडी कोणाच्या सभेत उभी होती, ते सांग.

साहेबांनी कोरा कागद सरकवला, वर पेन ठेवला. "बाबा, इथं सही करून दाखवा."

मी पेनाले हात नाई लावला. शाईचं पॅड जवळ ओढलं. वकिलाच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "सही येत नाई साहेब मले," आन् अंगठा दाबला.