पांढऱ्या पडद्यावरचं पिवळं

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात सर्व्हर तपासणारा प्रोग्राम मी लिहिला होता. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चूक लाल, इशारा पिवळा, ठीक ते हिरवं. माझ्या काळ्या पडद्यावर ते सुरेख दिसायचं. इतरांच्या टर्मिनलवर रंग बिघडतात असं कळलं, तेव्हा मी ग्रुपवर विचारून यादी केली आणि ज्याची तक्रार त्याच्यासाठी वेगळी छटा ठरवत बसले. त्यात तीन आठवडे गेले.

मग खुलताबादहून येणारी नवी सहकारी एके सकाळी प्रत्येकाचा पडदा बघायला त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली. आमचे सर्वांत जुने सहकारी पांढऱ्या पडद्यावर काम करतात. ते तिला म्हणाले, "बेटा, पिवळं मला कधी दिसलंच नाय. पण मॅडमनं लई मेहनतीनं यादी केलीय, कोण सांगणार?" माझ्या यादीत त्यांच्यापुढं 'ठीक' असं होतं.

तिनं माझ्या छटा काढून टर्मिनलचे स्वतःचे साधे रंग वापरले, म्हणजे ज्याचा पडदा त्याची छटा. शिवाय ओळीआधी 'इशारा' हा शब्दच लिहिला. जेवणाच्या सुट्टीआधी काम झालं.

साहेबांनी तिचं कौतुक केलं आणि मला डबा गोड लागेना. दुपारभर मी तिची चूक शोधत एकेका खुर्चीवर बसले, तेही पहिल्यांदाच. चूक सापडली नाही.

यादीत 'दुरुस्ती कोणाची' या रकान्यात माझं नाव मी आधीच लिहून ठेवलं होतं. ते त्याच संध्याकाळी खोडलं. तिचं लिहायला मात्र दुसरा दिवस उजाडला.