चाळीतला आरपार कोनाडा

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. सकाळी सात वाजता वैजापूरच्या बसस्थानकातून निघालो. संभाजीनगरात बंद पडलेल्या एका गिरणीची कामगार चाळ दुरुस्त होत आहे आणि राहणारी माणसे तिथेच राहणार आहेत, असे ऐकले होते. ती पाहावी, एवढाच हेतू.

रिक्षावाल्याने चाळीऐवजी गिरणीच्या फाटकाशी उतरवले. उरलेली वाट पायी काढली.

दगडी जोते, मंगलोरी कौले, एका लांब ओट्यावर ओळीने दारे. पहिली ओळ पूर्ण झाली आहे. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा दिला आहे. काम नीट आहे. दारांचा रंग भडक आहे.

दुसऱ्या ओळीतील एका खोलीपाशी माणसे जमली होती. खोली शकुंतलाबाईंची, वय सत्तरीच्या पुढे. गिलाव्यासाठी गवंड्याने बुद्धाची तसबीर उतरवली, तेव्हा मागे भिंतीत आरपार कोनाडा निघाला. त्याने तो बुजवायला घेतला होता. देखरेखीवरची तरुण आर्किटेक्ट नकाशा धरून उभी होती.

"मावशी, पाहणीच्या वेळी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, भिंत फोडली, खोली खाली करा. म्हणून मी तसबीर लावली, पलीकडल्या खोलीत रहीमाबीनं कॅलेंडर."

"पण फोडला कशाला?"

"आमच्या दोघींच्या मालकांची गिरणीतली पाळी येगळी. एक झोपायचा तवा दुसरा कामावर. दार वाजवलं की झोपमोड. मंग लेकरं, डबे, समदं हितूनच."

"मूळ भिंत सलग होती. बुजवावं लागेल."

"बुजवा. रहीमाबीला आता धड उठता येत नाय. रातीला पडली तर मला कळंल कसं?"

गवंड्याने पुढची वीट उचलली. तेवढ्यात पलीकडून एक सुरकुतलेला हात वाटी घेऊन आत आला आणि लावलेल्या विटेला अडला.

"शकू, खट्टी दाल (चिंचेची आमटी) है. नमक देख गे. और ये ईंटा कौन रखे जी? हात अटक रा."

गवंडी हसला. शकुंतलाबाईंनी वाटी घेतली, बोट बुडवून चाखले.

"मीठ बराबर हाय. तुझी जीभच गेली."

"मेरी जीभ गई, तेरे कान गए. कब से पुकार री मैं."

आर्किटेक्टने वाकून कोनाड्यातून पलीकडे पाहिले. रहीमाबीची खाट कोनाड्याला लागूनच होती. मग गवंड्याला म्हणाली, "वीट काढा. वरून दगडी पट्टी द्या, लाकडी चौकट बसवा. नकाशात मी दाखवते."

"वरच्या साहेबांनी इचारलं तर?"

"मला विचारतील."

"आन् तसबीर?"

"ती वर लाव," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आता झाकायचं काय ऱ्हायलं?"

त्यांनी मला ओट्यावर बसवून भाकरी आणि तीच आमटी वाढली. मीठ थोडे कमी होते. मी वाटी संपवली.

चार वाजता परतीची बस मिळाली. जुनी घरे वाचवताना माणसे बहुधा भिंती मोजतात. भिंतींना कुठे आणि का भोक पाडले, हे राहणाऱ्याला विचारावे लागते. आणि त्याला सांगण्याची भीती वाटू नये, हे आधी पाहावे लागते.

वैजापुरात मी एकटा राहतो. घर पक्के आहे, भिंती सलग आहेत. दिवेलागणीला पोहोचलो. हातपाय धुतले आणि घराची दुसरी किल्ली शेजारी नेऊन दिली.