भरून मागितलेलं ताट

आमच्या गल्लीत दिवाळीची पहिली कढई हौसाक्कांच्या चुलीवर चढायची. वसुबारस चार-पाच दिवस लांब असायची, बाकीच्या बायकांनी अजून डाळी उन्हात घातलेल्या नसायच्या, आणि यांच्या घरातून तळणाचा वास सुटायचा. तळण म्हणजे फार काही नाही. पसाभर कणकेची शंकरपाळी, तीही गुळाची. ती डब्यात भरली की हौसाक्का उंबऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "माजी कढई झाली गं. आता चढवा तुमच्या."

मी लग्न होऊन सांगलीहून कडेगावजवळच्या या गावात आले, तेव्हा मला या घोषणेचं हसू यायचं. गावानं माझं नाव 'सांगलीकरीण' ठेवलं होतं. माझे यजमान प्राथमिक शाळेत मास्तर. गावचं पोस्टही त्यांच्याचकडे होतं आणि ते आमच्या सोप्यातल्या एका टेबलावर चालायचं. हौसाक्कांचं दार आमच्या बरोबर समोर. नवरा फौजेत होता, चीनच्या लढाईत गेला, एवढं मला सासूबाईंनी सांगितलं होतं. एकुलता एक मुलगा दत्ता, तोही मिसरूड फुटताच फौजेत गेलेला. आक्का घरात एकट्या.

काटकसर इतकी, की सुरुवातीला मी त्यांना सरळ चिक्कू समजत असे. आकाशकंदिलाच्या कामट्या दत्ता दुसरीत असताना केलेल्या, त्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या. दर वर्षी फक्त कागद नवा, आणि नवा म्हणजे काय, तर मास्तरांकडून मागून नेलेली जुन्या वह्यांची कव्हरं आणि उदबत्तीच्या पुड्यांचे रंगीत कागद. कणकेची खळ करून ते असे चिकटवायच्या की कंदील लागला की कुठे गुलाबी, कुठे पिवळा, कुठे कुणा पोराचं उलटं दिसणारं नाव. पणत्या दोन दिवस घंगाळात बुडवून ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पानी पिऊन घ्यू दे त्यास्नी. म्हंजी त्याल कमी पित्यात." आणि खरोखरच त्यांच्या पणत्या आमच्यापेक्षा जास्त वेळ जळायच्या, हे मी चिडून कबूल केलं.

शंकरपाळी कापायचं त्यांचं कातणं तर गावभर प्रसिद्ध होतं. बिघडलेल्या गजराच्या घड्याळाचं दातेरी चाक काढून दत्तानं ते तारेच्या दांडीत बसवून दिलं होतं. चाक फिरवताना आक्का म्हणायच्या, "ह्ये घड्याळ आता दिवाळीलाच चालतंय बग." चकलीचा साचा नव्हता, म्हणून हातानं वळलेली कडबोळी. पोहे महाग, म्हणून ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, पण त्यात कढीपत्ता असा कुरकुरीत की पोह्यांची आठवण होऊ नये. आणि या सगळ्यातला अर्धा वाटा पत्र्याच्या डब्यात बसवून, वर धोतराचं फडकं शिवून, दत्ताला पार्सल. त्या फडक्यावर पत्ता आमचे मास्तर बोरूनं लिहायचे. आक्का जवळ उभ्या राहून म्हणायच्या, "अक्षार जाड काढा मास्तर. लय लांब जायाचं हाय त्येला."

माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी दिवाळसणाला माहेरी गेली, दुसरी इथं झाली. तिसरी एकाहत्तर सालची. सरहद्दीकडे फौजा चालल्या होत्या, रजा रद्द झाल्या होत्या, आणि ज्या घरचं माणूस फौजेत, त्या घरची बाई रोज डाकेच्या वेळी काहीतरी निमित्त काढून आमच्या सोप्यासमोरून जायची. हौसाक्का निमित्तबिमित्त काढत नसत. सरळ पायरीवर येऊन बसत. पिशवी फुटायची, पत्रं वाटून व्हायची, मास्तर मान हलवायचे, आणि त्या पदर झटकून उठायच्या. दोन महिने दत्ताचं पत्र नव्हतं.

वसुबारस आली. गल्लीत तळणाचा वास सुटला, पण तो हौसाक्कांच्या घरचा नव्हता. धनत्रयोदशीच्या सकाळपर्यंत आमचे लाडू, चिवडा, करंज्या सगळं होऊन गेलं होतं. समोरच्या घरातून मात्र धूर तेवढा निघायचा, भाकरीपुरता. मला वाईट वाटलं. वाटलं, बाईकडे यंदा तेल नसेल, किंवा काळजीनं हात चालत नसेल. सासूबाई शेतावर गेल्या होत्या, मास्तर सोप्यात हिशेबाच्या कागदात डोकं घालून बसले होते. मी कोणाला न विचारता पितळेच्या ताटात सगळं थोडं थोडं काढलं, वर क्रोशाचा रुमाल झाकला आणि समोर गेले. आमच्या सांगलीच्या आळीत ताटं अशीच फिरायची. आधी कोणाचं, मागून कोणाचं, हे कोणी बघत नसे.

हौसाक्का खाली बसून कंदिलाला कागद लावत होत्या. ताट बघून त्यांचा खळीचा हात तसाच वर राहिला.

"मास्तरांस्नी ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, नवी सून घरातलं परस्पर वाटते की काय, असं विचारताहेत. तेवढ्यावरून मी घाबरले आणि पटकन म्हणाले, "हो, त्यांनीच सांगितलं घेऊन जायला."

आक्कांनी कंदील हळूच बाजूला ठेवला, मोडू नये म्हणून जपून ठेवावा तसा. मग म्हणाल्या, "कवा आली?"

"काय कधी आली?"

"तार."

आवाज अगदी साधा होता. मी म्हटलं, तार वगैरे काही आली नाही. त्या माझ्याकडं न बघता ताटाकडं बघत राहिल्या. "तुजा नवरा पोस्टात बसतो. माजी कढई अजून चढली न्हाई. आन तू ताट आनलंस, त्येनं धाडलंय म्हनतीस. मी काय समजू, पोरी?"

मग त्यांनी सांगितलं. चीनच्या लढाईच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तार आली. सासऱ्यांनी ती फेट्यात खोचली. दत्ताची दिवाळी होऊ द्या, मग सांगू, असं घरातल्या पुरुषांनी ठरवलं. पण दुखवट्याच्या घरात तळण कसं करू द्यायचं? म्हणून कढई ठेवायला गेलं की रोज नवी सबब. आज तेल खवट हाय, आज लाकडं ओली हायती. आणि गल्लीला तर कळलंच होतं. ज्या घरात माणूस गेलं, त्या घराला फराळ शेजाऱ्यांनी द्यायचा, ही आपली रीत. "येक ताट आलं, मी म्हनलं माया हाय. दुसरं आलं. पाचवं ताट आलं तवा मला कळलं," आक्का म्हणाल्या. "कुनी कायबी बोललं न्हाई. ताटांनीच सांगितलं."

पहिल्या कढईचं गुपित हे होतं. आपली कढई आधी झाली की कोणाचं ताट आधी येऊच शकत नाही. यंदा मात्र पत्र नसताना तळायला त्यांचा हात धजला नव्हता.

मी धावत घरी आले. मास्तरांना सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. त्यांचा चेहरा उतरला. ते टेबलाचा खण बंद करायला लागले, आणि त्या एका क्षणात माझ्या मनात आलं ते आजही सांगायला लाज वाटते. मला वाटलं, तार आली आहे. यांनीही ती ठेवून दिली आहे. मी त्यांचा हात धरला आणि खण स्वतः उघडून पाहिला. आत तिकिटं होती, लाखेचा तुकडा होता, शिक्का होता. "नाही गं आलेली," ते म्हणाले, "पण आता त्यांना पटवायचं कसं?"

दोघं समोर गेलो. मास्तर म्हणाले, "आक्का, देवाशपथ, तार नाही."

"माज्या सासऱ्यानं बी देवाम्होरं हात ठिवून सांगितलं हुतं," आक्का म्हणाल्या. "आवं, तुमी चांगली मानसं. चांगली मानसंच लपवत्यात."

माझ्या एका शब्दानं या बाईचा मुलगा तिच्यापुरता मेला होता, आणि तो शब्द मागे घ्यायची सोय नव्हती. खरं बोलले तरी ते समजूत घालण्यासारखंच वाटणार होतं. मग डोळ्यांसमोर ते ताट आलं. दुखवट्याच्या घरातून ताट रिकामं परत येतं, एवढं मला सांगलीलाही शिकवलेलं होतं. तिथून कोणी काही मागत नाही. मी ताटातला फराळ त्यांच्या परातीत ओतला, रिकामं ताट त्यांच्यापुढं धरलं आणि म्हटलं, "आक्का, मी हे असं नेणार नाही. भरून द्या."

आक्कांनी मान वर केली. "परत म्हन."

"भरून द्या. तुमच्या कढईतलं."

त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. "मास्तर, तुमची बायकू माज्या घरातनं भरून मागतीया. मागू द्यू?"

मास्तरांना त्यातलं वजन माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते म्हणाले, "मागू द्या. तिनं बरोबर मागितलंय."

मग आक्का उठल्या आणि चुलीत लाकूड सारलं.

त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून शंकरपाळी कापली. घड्याळाचं चाक मला नीट फिरवता येईना, एकही शंकरपाळी सरळ आली नाही. तेल तापलं तशी माझी भीती वाढत गेली. तार आली नव्हती, हे खरं. पण दत्ता जिवंत आहे, हे कोणाला माहीत होतं? उद्या, परवा काही आलं तर आजचं हे तळण माझ्या माथी बसणार होतं. पहिली शंकरपाळी तेलात टाकताना आक्कांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "त्यो तिकडं पडला असंल आन मी हितं तळत बसले, असं झालं तर?" मलाही तेच वाटत होतं. झाऱ्यानं शंकरपाळी वर काढून त्यांनी ताट भरलं, अगदी काठोकाठ, आणि उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. "माजी कढई झाली गं," एवढंच म्हणाल्या. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचला नाही.

दत्ताचं पत्र दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी आलं. निळं आंतर्देशीय, चार ओळींचं. पार्सल मिळालं नाही, मी बरा आहे, पत्ता बदलला आहे. मास्तर ते वाचून दाखवताना आक्का माझा दंड धरून उभ्या होत्या. नखं रुतली तरी मी हात काढला नाही.

पण ते सुख फार टिकलं नाही. डिसेंबरात लढाई पेटली. तेव्हा आक्कांनी मास्तरांना बजावलं, "आता तार आली तर फेट्यात खोचू नगा. दिवाळी असू द्या न्हाईतर कायबी. पयली माज्या हातात." मास्तरांनी तसा शब्द दिला, आणि त्या दिवसापासून ते भेकड झाले. कुणाचंही साधं पत्र द्यायला जाताना खाकी पिशवी घेऊन मागच्या बोळातून, लांबच्या वाटेनं जायचे, आक्कांना दिसू नये म्हणून. आक्कांना ते कळत होतं. मला म्हणायच्या, "तुज्या मास्तरला सांग, म्होरनं जा. बोळातनं गेला की मला जास्त भ्या वाटतंय."

दत्ता पुढच्या उन्हाळ्यात आला. डाव्या पायानं थोडा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. पुढं त्याचं लग्न झालं, सून आली, आणि पहिल्या कढईचा मान आक्कांनी तरीही सोडला नाही. फक्त एक बदल झाला. दर वर्षी ते पहिलं तळण त्या आमच्या पितळी ताटात भरून आणायच्या. मी आधी रिकामं ताट नेऊन द्यायचं आणि दारात म्हणायचं, "भरून द्या." तसं म्हटल्याशिवाय त्या चूल पेटवत नसत. मला दर वर्षी ते म्हणताना धडकी भरायची, आणि त्यांनाही, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसायचं.

चार-पाच वर्षांनी, श्रावणात, आक्का अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले तर सुनेला म्हणाल्या, "कामट्या माळ्यावर हायती. जाळू नगंस." मग माझ्याकडं वळून हसल्या. "सांगलीकरणी, यंदा पयलं ताट तुजं यू दे माज्या घराला. आन ह्या खेपंला भरून मागू नगंस बरं का."

भाद्रपदात त्या गेल्या. त्या दिवाळीला समोर कढई चढली नाही. धनत्रयोदशीच्या सकाळी मी तेच पितळेचं ताट भरलं, तोच क्रोशाचा रुमाल झाकला. आमच्या दारातून त्यांच्या दारापर्यंत दहा पावलं. दारावर त्याच कामट्यांचा जुना कंदील होता, कागद लावलेला नव्हता. दत्तानं ताट घेतलं, आत नेलं, आणि रिकामं करून परत आणलं. थोडा वेळ तो ते हातात धरून उभा राहिला, मी काही म्हणेन असं वाटून.

मी ताट घेतलं आणि घरी आले. भरून मागितलं नाही.